खंडेनवमीचा लॅपटॉप

आप्पांच्या घरात कुठलीच वस्तू मापाची नव्हती. पायातली चप्पल एक नंबर मोठी, अंगातला सदरा दोन माणसं मावतील असा, चहाचा कप म्हणजे जवळजवळ तांब्याच. कॅलेंडरसाठी ठोकलेल्या खिळ्यावर सायकल टांगता आली असती. मच्छे गावातल्या त्या घरी वरची खोली मी भाड्यानं घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, मला एक पांघरूण दिलं. ते दुहेरी केलं तरी पलंगाच्या दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकत होतं. "त्यांनी आणलंय," एवढंच काकी म्हणाल्या. त्या तीन शब्दांत... दोनच शब्द होते ते, पण त्यांत त्यांचा सगळा संसार आला होता.

कारण आप्पांच्या धंद्यात होतं. उद्यमबागेतल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका फौंड्रीत ते पॅटर्न मेकर होते, मी राहायला गेले तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो त्याचा आधी लाकडात नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या साच्यात रस ओततात. पण ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी आप्पांकडे एक खास पट्टी होती. तिच्यावरचा प्रत्येक इंच आपल्या इंचापेक्षा किंचित मोठा. उभं आयुष्य त्या पट्टीनं मोजल्यावर साधी पट्टी खोटी वाटायला लागत असावी.

"सूट ठेवायची बाय," ते म्हणायचे. "गरम हाय तवर सगळंच मोठं दिसतंय. थंड झालं की आकसतंय."

हे ते फक्त लोखंडाबद्दल बोलत नसत. गावाला जायचं तर बसस्टँडवर तासभर आधी हजर. चार पाहुणे येणार म्हटलं की काकींना सहांचा स्वयंपाक. शेजारच्या घरात नवराबायकोचं वाजलं आणि कुणी त्यांना मध्ये पडायला बोलावलं, तर दारातूनच हात हलवायचे, "आकसू द्या जरा." रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्याशी त्यांचं गटारीवरून बिनसलं होतं. तेही ते कित्येक वर्षं आकसायची वाट बघत होते. दोघं रोज समोरासमोर दात घासायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत.

मी मूळची निपाणीची. डिप्लोमा करून उद्यमबागेतल्या एका लहान कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायची नोकरी मिळाली, म्हणून खोली शोधत मच्छेत फिरत होते. आप्पांकडे येण्याआधी दोन घरांनी माझं आडनाव विचारलं होतं, आणि दोन्ही घरांतली खोली नेमकी आदल्याच दिवशी गेली होती. आप्पांनीही आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि परत फिरायच्या तयारीनं पर्स खांद्याला लावली. आप्पा खोलीच्या दाराकडे बघत म्हणाले, "पावसाळ्यात हे दार फुगतंय आणि घासतंय. ह्यात मी सूट कमी ठेवली. चालंल का तुला?"

त्यांच्या हातून झालेली ती एकुलती एक बेताची वस्तू, आणि तीच फसलेली. मी म्हणाले, चालेल.

माझ्या लॅपटॉपवर आप्पांचा जीव बसला तो एका पंपाच्या आवरणामुळे. मी घरी काम करत होते, ते भाडं घ्यायला वर आले होते. पडद्यावर ते आवरण मी बोटानं फिरवलं, उलटं केलं, मधोमध कापून आतली पोकळी दाखवली. आप्पा दारातच खाली बसले.

"लाकूड न्हाय, भुसा न्हाय, आणि नमुना तयार?"

"हो."

"आणि सूट?"

मी एक आकडा टाकून दाखवला. सगळं आवरण केसभर फुगलं. आप्पांनी बराच वेळ त्या पडद्याकडे बघितलं आणि मग खाली जाऊन काकींना सांगितलं की वरच्या पोरीकडे लई भारी हत्यार हाय. तेव्हापासून त्या लॅपटॉपचं नाव हत्यार. "हत्यार झाकून ठेव गं, धूळ बसंल." "हत्यार चार्जिंगला लावलंस का?" माझ्या तब्येतीची एवढी चौकशी त्या घरात कधी झाली नाही.

ते हत्यार माझ्या आईनं आणि भावानं मिळून घेतलं होतं. आई तंबाखूच्या वखारीत काम करायची, खोकल्यानं घरी बसली, आणि घरी बसता बसता आधी हे घेऊन दिलं. दुकानदारानं विचारलं होतं, पडलं-फुटलं, पाणी सांडलं तर त्याचीही जादा वॉरंटी मिळते, घेणार का? भाऊ म्हणाला, "आपण काय पाडायला घेतोय व्हय?" साधी वॉरंटी होती, तीही त्या वर्षीच्या दसऱ्याच्या तोंडावर संपली. मला त्याची फिकीर नव्हती. मला फिकीर होती ती नोकरीची. कारखान्यातलं काम आटत चाललं होतं, दिवाळीनंतर ड्रॉइंग बाहेरून करून घ्यायचं असं मालकांच्या बोलण्यात येत होतं. आणि त्याच वेळी पुण्याच्या एका कंपनीनं माझी मुलाखत ठरवली होती. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, घरूनच, स्वतःच्या मशीनवर त्यांच्यासमोर ड्रॉइंग करून दाखवायचं. ही मिळाली तर मी सुटले, नाही तर परत निपाणी.

दसऱ्याला आमच्या वस्तीतल्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो, त्यासाठी मी दरवर्षी घरी जाते. सणाची बस, लोक दारात लोंबकळत असणार. त्या गर्दीत लॅपटॉप चेपेल म्हणून मी तो जपून खोलीवर ठेवला आणि किल्ली काकींकडे दिली. आजही हे सांगताना मला माझ्या शहाणपणाचं कौतुक वाटतं.

परत आले तर आप्पा गच्चीवर बसलेले. पुढ्यात चटईवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि मिरच्यांच्या शेजारी, झाकण आ वासून, माझा लॅपटॉप. कीबोर्डवर हळद, झाकणावर कुंकवाची पाच बोटं. आप्पांच्या हातात कावळे हाकायची काठी होती.

"आप्पा, हे काय?"

"वाळत घातलंय."

"लॅपटॉप?"

"ओला झालता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. उद्यमबागेत त्या दिवशी प्रत्येक मशीनला हार असतो आणि प्रत्येक दारात फुटलेला कोहळा. आप्पा निवृत्त झाले म्हणून खंडेनवमी थोडीच निवृत्त होते. त्यांनी सोप्यात पाट मांडून रंधा, पटाशी, करवत, काकींची विळी, स्कूटरची किल्ली, सगळं ओळीनं लावलं. वर जाऊन माझा लॅपटॉप आणला. मिटलेल्या हत्याराची पूजा कशी करायची, म्हणून झाकण उघडलं. झाकण उघडताच तो आपला सुरू झाला, तर आप्पांना तो शुभशकुन वाटला. आणि मग त्यांनी नारळ फोडला. नारळही त्यांनी आणलेला, म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठा. पाणी भरपूर निघालं.

मी तोंड सोडलं. आमच्यात पूजा करत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं, न विचारता माझ्या वस्तूला हात का लावलात, पुढच्या आठवड्यात मी काय करू, सगळं एका दमात. आप्पा खाली मान घालून ऐकत होते.

"व्हय. इचारायला पायजे होतं," ते म्हणाले. "तुज्यात करत न्हाईत, तेबी म्हाईत हाय. पण सगळी हत्यारं वळीनं मांडली आणि ध्यानात आलं, वरचं एक ऱ्हायलंय. घरातल्या सगळ्यास्नी फूल, आणि तेवडं एकच वगळलं, तर कसं दिसलं असतं गं?"

वगळणं हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण तो नेहमी वगळले गेलेल्यांच्या तोंडून. कुणाला तरी आपल्या हातून वगळलं जाईल याची भीती वाटते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला रडू आलं, आणि ते लॅपटॉपसाठी आहे असं मी त्यांना वाटू दिलं. राग मात्र गेला नव्हता. जिना उतरताना आप्पा वळून म्हणाले, "आता लई गरम हाय तुझा राग. उद्या सकाळी जाऊ दुरुस्तीला, तवर आकसंल." राग आणखी वाढला.

सकाळी आप्पांच्या स्कूटरवरून आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेचं दार, आत गारवा, टाय लावलेला एक भला मुलगा. त्यानं नंबर टाकून बघितलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाला, "मॅडम, वॉरंटी आत्ताच संपलीय. आपोआप बंद पडला असेल तर मी वर विनंती करून बघतो, कधी कधी धरून घेतात. काही सांडलं असेल तर मात्र नाही. तसं काही झालेलं नाही ना?"

तो मला वाट दाखवत होता आणि मी ती धरायला तयार होते. मी म्हणाले, "आपोआपच—"

"नारळ फोडला मी," आप्पा म्हणाले.

मी त्यांचा सदरा ओढला. सदऱ्यात एवढी सूट होती की त्यांना ते कळलंही नाही. मुलाला नीट समजलं नसेल असं वाटून त्यांनी तेच कानडीत सांगितलं, "तेंगिनकाई ओडदे." मग पलीकडच्या टेबलावरच्या माणसासाठी हिंदीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "गप्प बसता आलं नसतं का?"

"देवाफुडं फोडलेला नारळ, तो फोडलाच न्हाय म्हणू?" आप्पा खरोखर गोंधळले होते. "आणि उघडून बघितल्यावर त्येला वास आला असता की."

हे मात्र खरं होतं. आत खोबऱ्याच्या दुकानासारखा वास येत होता.

दुरुस्तीचा जो अंदाज सर्व्हिस सेंटरनं दिला तो नव्या लॅपटॉपच्या शेजारी जाऊन बसणारा होता. आप्पांनी तो कागद लांब धरून वाचला. "मदरबोर्ड बदलायचा, कीबोर्ड बदलायचा, बॅटरी बदलायची. मग आपलं ऱ्हायलं काय, झाकण?" मोडलं मी, भरणार मी, हे त्यांनी रस्त्यावरच जाहीर केलं. पण बदलणं म्हणजे दुरुस्ती, हे त्यांना पटेना. फौंड्रीत एखादा नमुना चिरला तर ते पाचर मारायचे, सरस लावायचे, घासायचे. टाकून द्यायचे नाहीत.

म्हणून आम्ही खडेबाजारातल्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर गेलो. तिथं एक बाई लॅपटॉप दुरुस्त करायच्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. काय झालं हे त्या विचारायच्या आधीच आप्पांनी सांगून टाकलं. आक्का हसल्या त्या हसतच राहिल्या.

"दसरा झाला की माझा सीझनच असतोय," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी एक प्रिंटर आलता, आत निस्तं कुंकू. पण नारळाचं पाणी पहिल्यांदाच. ताबडतोब आणलं असतं तर लई सोपं होतं. उन्हात बिन्हात ठेवला न्हाईसा न्हवं?"

"ठेवलाय," आप्पा म्हणाले. "मिरच्यांसंगं."

उन्हानं बॅटरी फुगली होती, ती काढूनच टाकावी लागणार होती. कीबोर्ड गेला होता. बोर्ड धुऊन, जळालेलं बदलून, चालला तर चालला. "ग्यारंटी देत न्हाय," आक्का म्हणाल्या. आप्पा खूश. "ही खरं बोलत्या," ते मला म्हणाले, जणू आमच्या दोघींत मी दुसऱ्या प्रकारची होते. आक्कांचं टेबल एका बाजूला कललेलं होतं, उघडलेला लॅपटॉप घसरायचा, तो त्या कोपरानं अडवत काम करायच्या. आप्पांनी खिशातून पट्टी काढली आणि कुणी सांगायच्या आत टेबल मोजायला लागले. दोन दिवसांत त्यांनी सागवानी तिरकं स्टँड करून नेऊन दिलं. आक्कांनी सुट्या भागांचेच पैसे घेतले, ते आप्पांनी दिले, मला पाकिटाला हात लावू दिला नाही. स्टँड अर्थातच मोठं झालंय. आक्का अजून त्यावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवतात.

आणि तो चालला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी खोलीत आणून लावला, माझी सगळी ड्रॉइंगं जागच्या जागी होती. आप्पा दारात बसले होते, काकी त्यांच्या मागं. मी पंपाचं आवरण उघडलं, फिरवलं. तेवढ्यात समोरची गिरणी सुरू झाली, दिवा मिणमिणला आणि लॅपटॉप पटकन विझला. गिरणी सुरू झाली की आमच्या ओळीत विजेचा दाब पडतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण तोवर बॅटरी होती. आता बॅटरीच नव्हती. इन्व्हर्टर त्या घरात नव्हता, आणि उसना लॅपटॉप कुणाचा आणायचा तर त्यात ते ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नव्हतं. मुलाखत सकाळी अकराला. ती गिरणीची ऐन गर्दीची वेळ.

"आता?" मी म्हणाले.

आप्पा उठले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी लॅपटॉपसमोर बसले तेव्हा माझं निम्मं लक्ष दिव्याकडे होतं. समोर पडद्यावर कंपनीचे दोन साहेब. त्यांनी एक भाग सांगितला, मी तो काढायला घेतला. कुठल्याही क्षणी गिरणी सुरू होणार आणि मी त्यांच्यासमोरून नाहीशी होणार, या भीतीनं सुरुवातीला मी प्रत्येक रेघेनंतर फाइल सेव्ह करत होते. पण दिवा हलला नाही. हळूहळू मी गिरणी विसरले. त्यांनी विचारलं ते मला येत होतं, आणि जे येत नव्हतं ते मी येत नाही म्हणून सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी कदाचित नसतं सांगितलं. मुलाखत ठरल्यापेक्षा बरीच लांबली. शेवटी साहेब हसून म्हणाले की कळवतो, आणि पडदा बंद झाला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की गल्लीत गिरणीचा आवाज सकाळपासून झालेलाच नाही.

खाली गेले तर काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांनी बोट दाखवलं.

गिरणीच्या पायरीवर आप्पा बसले होते. शेजारी ज्वारीचं भलं मोठं पोतं. त्या दिवशी गिरणी उघडायच्या आधीच ते पोतं घेऊन पहिल्या नंबरला जाऊन बसले होते. गिरणीत नंबर म्हणजे नंबर, त्यात वशिला नाही. गिरणीवाला पट्टा चढवायला लागला तसे आप्पा त्याला म्हणाले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, "माझं दळण तू आत्ता सुरू करायचं न्हाईस. आणि माझा नंबर सोडून दुसऱ्याचं घ्यायचं न्हाईस."

गिरणीवाला भडकला. डबे घेऊन आलेल्या बायका भडकल्या. आप्पांनी त्यांना काय सांगितलं ते काकींनी ऐकलं होतं. "वर माझ्या पोरीची परीक्षा चाललीया. तिचं हत्यार मी बिघडवलं. तुमची गिरणी चालली तर ते बंद पडतंय." एवढंच. मग बायकांनी डबे खाली ठेवले आणि तिथंच बसल्या. मी गेले तेव्हा गिरणीवाला त्याच पायरीवर, पोत्याच्या दुसऱ्या बाजूला बसून चहा पीत होता. कप आमच्या घरचा होता, म्हणजे जवळजवळ तांब्या.

"झालं आप्पा," मी म्हणाले.

"बघ, आणि काय इचारतील."

"त्यांनी बंद केलं."

"असू दे. थोडा वेळ आणखी बसतो," आप्पा म्हणाले. गिरणीवाल्यानं मान हलवली आणि बायकांकडे बघून तो म्हणाला, "सूट ठेवतोय म्हातारा."

नोकरी मिळाली. मी पुण्याला आले. त्या लॅपटॉपला नंतर बॅटरी मिळाली आणि तो निपाणीला भावाकडे गेला. अजून चालतो, उन्हाळ्यात तापला की खोबऱ्याचा वास येतो असं आई म्हणते. मला कंपनीनं नवा दिला. फोनवर मी आप्पांना सांगितलं की याला सगळी वॉरंटी आहे, पडला, फुटला, पाणी सांडलं, सगळं भरून मिळतं. आप्पा म्हणाले, "नारळ लिवलाय का त्यात?"

पुढच्या दसऱ्याला घरी जाताना मी एक दिवस आधी निघाले आणि वाट वाकडी करून मच्छेला उतरले. कुणाला कळवलं नव्हतं. सोप्यात आप्पा पाट मांडून बसले होते. रंधा, पटाशी, करवत, काकींची विळी, स्कूटरची किल्ली, प्रत्येकावर एकेक झेंडू. आणि पटाशी आणि विळीच्या मध्ये एक चौकोनी जागा मोकळी होती. तिथं काही नव्हतं, कोपऱ्यात नुसतं एक फूल ठेवलेलं. जागा नेहमीप्रमाणे हवी त्यापेक्षा मोठी होती.

"तू येणार म्हाईत न्हवतं," आप्पा म्हणाले. "तसंच सोडलंतं."

मी पूजा करत नाही, तेव्हाही केली नाही. पण ती ओळ होती आणि त्या ओळीत जागा होती. मी बॅगेतून लॅपटॉप काढला, मिटलेलाच, आणि त्या जागेत ठेवला. चारी बाजूंनी बोटभर मोकळं राहिलं. काकी माझ्याकडे बघत होत्या. आप्पांनी पाटाजवळचा नारळ उचलला, तो छातीशी धरला, आणि कुणी काही बोलायच्या आत चपला घालून फाटकाबाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि पार पलीकडे गिरणीच्या दारात जाऊन उभे राहिले.